मंजुरी आणणारा फॅक्स

मित्रांनो, मी एक जुना फॅक्स आहे, असं म्हटलं की तुमच्यातले निम्मेजण एकमेकांची तोंडं बघतील. म्हणून आधी माझी ओळख करून देतो. माझ्या तोंडात कागद घातला, की टेलिफोनच्या तारेवरून त्याची हुबेहूब नक्कल दूरच्या दुसऱ्या फॅक्समधून बाहेर पडते. बाकी जगाने आम्हाला केव्हाच निकालात काढलं. कॅनडातल्या डॉक्टरांनी मात्र आम्हाला सोडलं नाही, आणि खोटं कशाला बोलू, याचा मला थोडा तोराही आहे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथलं मला एवढंच आठवतं, की तपासणी करणाऱ्या बाईंनी माझ्यात एक कोरा कागद घालून पाहिला आणि मी तो न चुरगळता सोडला म्हणून माझ्या पाठीवर थाप मारली. मग खोक्यात बसून मी लंडनला आलो. इंग्लंडमधलं लंडन नव्हे, आमचं ऑन्टारिओमधलं. इथे डॉ. सुमेधा कर्णिक यांचा सांधेदुखीचा दवाखाना आहे. त्यांच्या फ्रंट डेस्कवर जयंतीताई बसतात, आणि मला त्यांच्याच उजव्या हाताला जागा मिळाली. जयंतीताई मूळच्या नागपूरच्या. रोज सकाळी त्या मऊ फडक्याने माझी काच पुसायच्या. कागद अडकला, की चिडायच्या नाहीत. "काहून रुसला रे बाबा?" म्हणायच्या आणि अलगद कागद सोडवायच्या.

माझं मुख्य काम मंजुरीचं. आमच्याकडे डॉक्टरांना दाखवायला खर्च येत नाही. औषधांचं तसं नाही. ती बहुतेकांना नोकरीच्या विम्यातून मिळतात. औषध फार महाग असलं, तर विमा कंपनी आधी अर्ज मागते आणि मगच हो म्हणते. अर्ज माझ्यातून जायचा आणि उत्तरही माझ्यातूनच यायचं. 'मंजूर' आलं की माझं कोण कौतुक! 'नामंजूर' आलं की तीच माणसं माझ्याकडे अशी बघायची, जणू तो निकाल मीच लिहिला आहे. एका आजोबांनी तर रागाच्या भरात माझी वायर उपटली होती.

तेव्हा नियमही कडक होते. माणसाची विमा कंपनी बदलली, की जुनी मंजुरी रद्द. नवी कंपनी म्हणायची, आधी तीन महिने स्वस्त गोळ्या घेऊन बघा, त्यांनी भागलं नाही तर इंजेक्शनचं पाहू. चांगली चालती फिरती माणसं या तीन महिन्यांत पुन्हा काठी धरताना मी पाहिली आहेत. मला फार वाईट वाटायचं, पण माझ्या हातात काय होतं?

आता मी तुम्हाला गौरांगीची गोष्ट सांगतो. ती दोन वर्षांपूर्वीची आहे.

गौरांगी आमच्या डॉक्टरांची जुनी पेशंट. घरांचे नकाशे काढणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये ती काम करते. तिच्या बोटांचे सांधे सुजायचे. दर दोन आठवड्यांनी एक इंजेक्शन घेतलं, की माउस धरता यायचा, नोकरी करता यायची. त्या वर्षी फर्मच्या मालकाने सगळ्यांचा एकत्र विमा बंद केला. ज्याने त्याने आपापला विमा घ्यावा, हप्ता फर्म भरेल, असं त्याने सांगितलं. जुना विमा संपल्यापासून साठ दिवसांच्या आत नवा घेतला तर तब्येतीचे प्रश्न विचारणार नव्हते. गौरांगीने पहिल्याच आठवड्यात विमा घेऊन टाकला. राहिली ती इंजेक्शनची मंजुरी.

इथे एक चांगली गोष्ट झाली होती. तिच्या नव्या विमा कंपनीने नियम सैल केला होता. जो माणूस आधीपासून औषधावर आहे, त्याला गोळ्यांची परीक्षा द्यायला लावायची नाही. डॉक्टरांचं पत्र हवं, आणि एक पान पेशंटने स्वतः भरायचं. इंजेक्शन नव्हतं तेव्हा हात कसे होते आणि आता कसे आहेत, एवढंच त्यात विचारलं होतं. गौरांगीच्या फ्रिजमध्ये दोन इंजेक्शनं शिल्लक होती. म्हणजे चार आठवडे.

दिवाळी नुकतीच झाली होती. गौरांगी छान साडी नेसून, स्टाफसाठी चकल्यांचा डबा घेऊन आली. आपली माणसं डॉक्टरांकडे जातानासुद्धा लग्नाला निघाल्यासारखी तयार होतात, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे. तिने उभ्या उभ्या ते पान भरलं. दहा प्रश्न होते आणि दहाही प्रश्नांपुढे तिने एकाच उत्तरावर खूण केली : काही अडचण नाही.

"कशी आहेस गं?" जयंतीताईंनी फोन कानाला लावून विचारलं.

"बरंय हो. चाललंय."

जयंतीताईंनी पान न वाचताच डॉक्टरांच्या पत्राला जोडलं आणि माझ्या तोंडात घातलं. मीही मोठ्या हौसेने पाठवून दिलं.

दहा दिवसांनी उत्तर आलं. नामंजूर. पेशंटला रोजच्या कामांत अडचण नाही, आधीही नव्हती, म्हणून या इंजेक्शनची गरज दिसत नाही, असं कंपनीने लिहिलं होतं. पुन्हा अर्ज करता येईल, असंही खाली होतं. तोवर एक इंजेक्शन संपलं होतं.

जयंतीताईंनी गौरांगीला लगेच बोलावून घेतलं. शाळेला सुट्टी होती म्हणून तिची दहा वर्षांची ऊर्मीही बरोबर आली आणि फोन घेऊन खुर्चीत बसली.

"हे काय लिहिलंस गौरांगी? झाकणं उघडता येतात, बटणं लावता येतात, सगळीकडे नो डिफिकल्टी?"

"अहो ताई, फॉर्मवर काय रडगाणं गायचं? उगाच कंप्लेंट केल्यासारखं वाटतं. त्यांना वाटेल, ही बाई एक्झॅजरेट करतेय."

"आणि त्या चकल्या? त्या तरी तूच केल्या ना?"

"हो, म्हणजे... भाजणी माझीच होती."

ऊर्मीने फोनमधून मान वर केली. "नो, मॉम. बाबा मेड देम. यू कुडन्ट इव्हन टर्न द थिंग."

गौरांगी गोरीमोरी झाली. "सोऱ्या," ती हळूच म्हणाली. "शैलेंद्रने फिरवला."

आतून डॉ. सुमेधा बाहेर आल्या होत्या. त्यांनी खुर्ची ओढली आणि गौरांगीच्या समोर बसल्या. "चूक माझीही आहे. तू दर वेळी बरंय म्हणायचीस आणि मी पुढचा पेशंट बोलवायचे. आता मला नीट सांग. इंजेक्शन सुरू होण्याआधी काय होत होतं?"

गौरांगीने एकदा ऊर्मीकडे पाहिलं. मग म्हणाली, "ऊर्मी दोन वर्षांची होती. मला उचल म्हणून हात वर करून उभी राहायची. मला उचलताच यायचं नाही. मग मी जमिनीवर बसायचे, म्हणजे ती आपली आपण मांडीवर चढेल. कुणी आलं तर सांगायचे, मला खाली बसायलाच आवडतं. शैलेंद्रलासुद्धा कितीतरी दिवस कळलं नव्हतं."

ऊर्मीने फोन बाजूला ठेवला. "यू नेव्हर टोल्ड मी दॅट," ती म्हणाली आणि आईच्या जवळ जाऊन उभी राहिली.

"हेच लिही," डॉक्टर म्हणाल्या. "एक अक्षर वाढवू नकोस आणि एक कमी करू नकोस."

गौरांगीने लिहिलं. दर दोन ओळींनी थांबून ती बोटं चोळत होती. त्या दिवशी तिला ते लपवावंसं वाटलं नाही. जयंतीताईंनी या वेळी पान दोनदा वाचलं आणि चष्मा पुसला. मी पाठवायला गेलो तर पलीकडची लाइन बिझी. पुन्हा बिझी. मला स्वतःचा इतका राग पूर्वी कधी आला नव्हता. तिसऱ्या खेपेला गेलं.

मग वाट पाहणं सुरू झालं. शेवटचं इंजेक्शनही घेऊन झालं. पुढचं गुरुवारी घ्यायचं होतं. फोन वाजला की जयंतीताई दचकायच्या, आणि माझ्यातून एखादी जाहिरात बाहेर आली की तिचा बोळा करून टाकायच्या. बुधवारी दुपारी गौरांगी ऊर्मीला घेऊन स्वतःच आली. घरी बसवेना म्हणाली. ती कोट काढत होती, तेवढ्यात मी गुरगुरलो.

जयंतीताईंनी कागद बाहेर येण्याआधीच धरला. "अगं मंजूर! दोन वर्षांसाठी मंजूर! मध्ये परत फॉर्म नको, काही नको!"

गौरांगी तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

"मॉम, व्हाय आर यू क्रायिंग? इट सेज यस!"

"म्हणूनच गं," गौरांगी म्हणाली आणि तिने ऊर्मीला घट्ट धरलं. ते पाहून मला किती हायसं वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. माझा रोलर थंड झाला तरी मी आतून ऊबदार होतो.

पुढच्याच जानेवारीपासून बहुतेक कंपन्यांनी आमच्या डॉक्टरांचे अर्ज संगणकावर घ्यायला सुरुवात केली. उत्तरही कधी कधी त्याच दिवशी येतं. मला मागच्या खोलीत कपाटावर ठेवलं. काच पुसायला आता कुणी येत नाही, अंगावर धूळ बसली आहे. सुरुवातीला मी रुसलो. पण खरं सांगू? माझ्याकडे टक लावून बसलेली ती माणसं मला आता दिसत नाहीत, त्यांचा जीव टांगणीला लागत नाही, याचं मला फार समाधान आहे. माझं काम गेलं आणि माझ्या डोक्यावरचं ओझंही गेलं.

मित्रांनो, कधी त्या खोलीत आलात, तर माझ्यावरून एक फडकं फिरवा. दुसरं मागणं तुमच्याचसाठी आहे. कुठे दुखतंय, असं कुणी विचारलं, तर खरं तेवढं सांगा. विचारणारे डॉक्टर असोत, कागद असो, नाहीतर नवा संगणक. मी आयुष्यभर लोकांचे कागद पोचवले, पण तुम्ही जे लिहिलंच नाही, ते पोचवणं मला कधीच जमलं नाही.