नऊ इंच

फुटबॉलच्या स्पर्धेसाठी शहरात आठ देशांचे संघ उतरणार होते. मोठ्या हॉटेलांनी मोठे देश आधीच पटकावले. नदीजवळच्या जुन्या तीन मजली हॉटेलच्या वाट्याला जो देश आला, तो मॅनेजर बाईंना नकाशात चष्मा लावून शोधावा लागला. तरी त्यांनी कसर ठेवली नाही. भिंतींना रंग दिला, पडदे बदलले, गळके नळ दुरुस्त करून घेतले. आणि संघ यायच्या चार दिवस आधी त्या संघाचा एक माणूस हातात टेप घेऊन आला, खोल्याखोल्यांतून फिरला आणि म्हणाला, सगळं छान आहे, फक्त आमचे दहा जण या पलंगांवर मावणार नाहीत.

पलंगांना पायथ्याशी उंच फळी होती. उंच माणसाला पाय बाहेर काढायचीही सोय नव्हती.

हे पलंग बावीस वर्षांपूर्वी मिस्त्रींनी केलेले. म्हणून मॅनेजर बाई त्याच दुपारी मिस्त्रींच्या कारखान्यात हजर झाल्या. कारखाना म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या, एक लांब टेबल आणि भिंतीवर टांगलेली हत्यारं. मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं, कानावरची पेन्सिल काढून पुन्हा कानावर ठेवली आणि म्हणाले, "चार दिवस? खूप झाले."

मागच्या खोलीत एका खुर्चीला पॉलिश करत बसलेल्या काकूंनी हे ऐकलं आणि हातातला बोळा खाली ठेवला.

काकू म्हणजे मिस्त्रींची बायको. गल्लीतली सगळी त्यांना काकूच म्हणत. मिस्त्रींचा उजवा हात दीड वर्षापासून थरथरत होता, आणि हे जगात फक्त काकूंना ठाऊक होतं. हिवाळ्यात मिस्त्री म्हणाले, थंडीमुळे होतंय. उन्हाळ्यात म्हणाले, पंख्याचा वारा बाधतोय. डॉक्टरचं नाव काढलं की उठून चालू लागायचे. आलेली कामं "हल्ली लाकूड चांगलं मिळत नाही" म्हणून परत पाठवायचे. मग आजच हो कशाला म्हणाले? काकूंनी विचारलं, तर म्हणाले, "माझे पलंग आहेत ते. दुसरा कुणी हात लावणार?"

बेत सोपा होता. पायथ्याची फळी सोडवायची, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या नऊ-नऊ इंचांनी वाढवायच्या, खाली जादा पाय द्यायचा आणि फळी पुन्हा बसवायची. गादीचा जोडतुकडा गादीवाला देणार होता. काकूंनी रेघ आखून दिली. मिस्त्रींनी करवत लावली, आणि करवत रेघ सोडून भलतीकडेच निघाली. तो तुकडा त्यांनी बाजूला टाकला. गाठ होती म्हणे लाकडात. दुसऱ्या तुकड्यातही गाठ निघाली. तिसरा त्यांनी उचलला, तेव्हा काकू पुढे झाल्या आणि त्यांच्या हातातली करवत काढून घेतली.

"तुला काय येतंय त्यातलं?" मिस्त्री म्हणाले.

छत्तीस वर्षं काकूंनी लाकडाचं दुसरं टोक धरलं होतं, घासलं होतं, पॉलिश केलं होतं. करवत सरळ चालली की तिरकी, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळायचं. त्यांनी तुकडा कापला. गुण्या लावून पाहिला, काटकोन बरोबर होता.

"शेजारच्या वहिनींकडचं स्टूल आठवतं?" मग त्या म्हणाल्या. "तुम्ही म्हणाला होतात, ज्यानं केलंय त्याला काम कळतं. ते मी केलंय. तुम्ही माल पोचवायला गेला होतात तेव्हा."

मिस्त्री बाहेर जाऊन पायरीवर बसले. दुपारचा चहाही तिथेच घेतला. चिडले होते की ओशाळले होते, हे काकूंना इतक्या वर्षांच्या संसारानंतरही सांगता आलं नसतं. समोरून लोकांचे घोळके चालले होते. कुणी गालांवर रंग फासलेले, कुणी झेंडे पांघरलेले, बसथांब्यावर कळत नाहीत अशा भाषांत गाणी चाललेली. मिस्त्रींची नजर त्यांच्यावर होती, पण कान आतल्या करवतीकडे. शेवटी राहवेना.

"कोपर आत घे," ते पायरीवरूनच म्हणाले. "आणि दाबू नकोस. तिची ती जाते."

काकूंनी कोपर आत घेतलं. तिथून काम सुरळीत लागलं. मिस्त्री सांगत, काकू करत, मध्येच तुझं की माझं बरोबर यावरून दोघांची जुंपे, आणि गुण्या लावला की भांडण मिटे. तीन दिवसांत नऊ पलंग झाले. दहाव्याला मिस्त्री म्हणाले, "एक तरी मी करणार." काकूंना नाही म्हणवलं नाही.

संघ आला. पाठोपाठ त्यांचे दोनशे पाठीराखे ढोल घेऊन आले आणि शाळेच्या हॉलमध्ये पथाऱ्या पसरून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळीच हॉटेलचा फोन आला. चौदा नंबरच्या खोलीतला पलंग कुरकुरतो, गोलकीपरची झोप झालेली नाही. नंबर ऐकताच काकू समजल्या. तो दहावा पलंग होता. त्या म्हणाल्या, मी एकटीच जाऊन येते. मिस्त्रींनी इस्त्रीचा शर्ट चढवला आणि हत्यारांची पिशवी उचलली.

गोलकीपर दारापेक्षा उंच होता, वयानं चाळिशीला टेकलेला. खुर्चीत बसून तो हात पुढे करून होता आणि संघाचे डॉक्टर त्याच्या बोटांना पट्ट्या बांधत होते. शेजारी दुभाषी बाई उभ्या होत्या. एरवी त्या कॉलेजात भाषा शिकवत. मिस्त्री पलंगापाशी गुडघ्यांवर बसले. स्क्रूड्रायव्हर स्क्रूच्या खाचेत बसेना. टोक लाकडावर टकटक वाजत राहिलं. काकूंना वाटलं, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं.

मिस्त्रींनी हात खाली घेतला. स्क्रूड्रायव्हर काकूंपुढे धरला आणि दुभाषी बाईंना म्हणाले, "हिला करू द्या. बाकीचे नऊ हिनंच केलेत. कुरकुरतो तेवढा माझा."

गोलकीपरनं पलंगाचं एक टोक एका हातानं उचलून धरलं. काकूंनी सांधा सोडवला, फटीत लाकडाची पातळ चिप्पी सरस लावून बसवली, स्क्रू आवळले. मग तो त्यावर आडवा झाला, या कुशीवरून त्या कुशीवर वळला. पलंग गप्प. तो काहीतरी बोलला आणि दुभाषी बाईंना हसू आवरेना.

"घरी ते तिरके झोपतात म्हणे. बायकोला फक्त कोपरा उरतो. हा पलंग ती बघेल तर उचलूनच नेईल."

मिस्त्रीही हसले. तेवढ्यात डॉक्टरांनी त्यांच्या हाताकडे बोट करून काही विचारलं आणि मिस्त्रींनी हात खिशात घातला. काकू पुढे होऊन सांगणार होत्या, पण थांबल्या. जरा वेळानं मिस्त्रींनी आपणच हात बाहेर काढला. कदाचित हा माणूस आठवड्याभरात आपल्या देशी जाणार, गल्लीत कुणाला कळणार नाही, असं वाटलं असेल. डॉक्टरांनी त्यांना बोट नाकाला लावायला सांगितलं, कागदावर गोल काढायला लावले, हात मांडीवर सोडून बघितला, चालायला लावलं.

मिस्त्रींनी खालच्या आवाजात विचारलं, "वडिलांना झालं होतं, तेच आहे का?"

मिस्त्रींचे वडील शेवटची सहा वर्षं अंथरुणावर होते, घास भरवावा लागायचा. काकूंनीच भरवला होता. पण दीड वर्ष हा माणूस मनात हीच भीती घेऊन हिंडत होता, हे त्यांना आत्ता कळलं. थंडी आणि पंख्याच्या गोष्टींना आपण मनातल्या मनात हसत होतो, याचं त्यांना वाईट वाटलं.

डॉक्टरांचं म्हणणं दुभाषी बाईंनी सावकाश सांगितलं. मला तसं दिसत नाही. तुमचा हात काम करताना थरथरतो, स्वस्थ असताना नाही, आणि हा कंप बहुतेक वेळा वेगळा असतो. नक्की काय ते इथल्या तज्ज्ञ डॉक्टरांकडूनच कळेल. गोळ्यांनी तो कमी होऊ शकतो. मात्र याच आठवड्यात जा.

"जाईन," मिस्त्री म्हणाले.

पहिला सामना दोघांनी हॉटेलच्या जेवणघरात पाहिला, आचारी आणि सफाईवाल्या बायकांच्या गर्दीत. एक-एक अशी बरोबरी झाली. शेवटच्या मिनिटांत गोलकीपरनं अंग झोकून एक गोल वाचवला, तेव्हा मॅनेजर बाई टेबलावर हात आपटत म्हणाल्या की झोप झाली की असं होतं. बाहेर दोनशे पाठीराख्यांनी ढोल बडवत पूल ओलांडला आणि वाटेत त्यांचे पाचशे झाले. त्यांत आपल्या शहराचेच जास्त. तिसऱ्या सामन्यानंतर गुणांचा हिशेब जुळला, संघ पुढच्या फेरीत गेला आणि त्या कुणाला माहीत नसलेल्या देशाचा मुक्काम आठवड्यानं वाढला.

मधल्या मंगळवारी मिस्त्री इस्पितळात जाऊन आले. तिथल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि संघाच्या डॉक्टरांसारखंच सांगितलं, हा वडिलांचा आजार नव्हे. गोळ्या दिल्या, गुण यायला काही आठवडे जातील म्हणाले. हात होता तसाच होता. पण त्या दिवशी दुपारी मिस्त्री असे गाढ झोपले, की काकूंना दोनदा जाऊन बघावंसं वाटलं.

मग संघाच्या डॉक्टरांचा निरोप आला. खेळाडूंच्या मालिशचं टेबल प्रवासात मोडलंय, नवं मिळेल का? मिस्त्रींनी फोनवरच सांगितलं, "मिळेल. करणार ही. मी बसून बोलणार."

टेबल उभं राहिलं, आणि डुगडुगायला लागलं. काकूंनी टेप लावला. एक पाय अर्धा इंच आखूड कापला गेला होता. त्यांचा चेहरा पडला. लाकूड वाया, वेळ वाया, आणि एवढं मिळालेलं मोठेपण पाण्यात.

मिस्त्री इतके हसले की त्यांना स्टुलाचा आधार घ्यावा लागला. "मी शिकत होतो तेव्हा," डोळे पुसत ते म्हणाले, "उस्तादांच्या कपाटाचा पाय असाच कापला होता. रातोरात खाली लाकडाची चकती चिकटवली. कुणाला आजवर सांगितलं नाही. ते कपाट अजून त्या वकिलांच्या घरात उभं आहे."

"मग आता काय करू? चकती चिकटवू?"

"छे. बाकीचे तीन अर्धा इंच काप. अर्ध्या इंचानं कुणाचं अडत नाही. उलट चढायला सोपं पडेल."

काकूंनी टेबल उलटं केलं आणि तिन्ही पायांवर रेघा आखल्या. मिस्त्री स्टूल ओढून जवळ बसले आणि दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरून राहिले.