ओळखू येऊ नये म्हणून

डॉक्टरांनी चौथं अलॉय व्हील भिंतीवरून काढून गाडीच्या पुढच्या चाकाला टेकवलं, दहा पावलं मागे जाऊन पाहिलं आणि मान हलवली.

“हेही नको?” दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं.

“यात ओळखू येते.”

“कोण?”

“गाडी.”

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. बावीस वर्षं त्या या धंद्यात होत्या. स्पोर्ट्स कार घेऊन येणारा प्रत्येक जण ती चारचौघांत उठून दिसावी म्हणून यायचा. ओळखू येऊ नये म्हणून आलेलं गिऱ्हाईक हे पहिलंच.

“चोरीची नाही हो,” डॉक्टर घाईघाईनं म्हणाले. “मी दातांचा डॉक्टर आहे.”

“हां, म्हणजे आ करायला लावून लुटणारे.”

बाई स्वतःच हसल्या. डॉक्टरांचं लक्ष नव्हतं.

गेल्या वर्षी एका वळणावर हीच गाडी कठड्यावर आदळली होती. चालवत तेच होते. त्यांना साधं खरचटलंही नाही; शेजारी बसलेल्या बायकोच्या मांडीत मात्र सळई घालावी लागली. गाडी दुरुस्त होऊन नवीकोरी परत आली, पण ती फाटकातून आत शिरली की बायको खिडकीतून बाजूला व्हायची. विकून टाकू का, असं त्यांनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती “राहू दे” एवढंच म्हणाली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिच्या त्या गप्प राहण्यानं त्यांची झोप उडाली होती.

म्हणून लाल रंगावर करडं आवरण चढलं, मागचा पंख निघाला, काचा गडद झाल्या. चाकं तेवढी राहिली होती.

“हे काळं घ्या,” बाई म्हणाल्या. “गाडीचा चेहराच बदलेल. फक्त एक इंच मोठं आहे. कधीतरी वळताना टायर आत घासेल.”

डॉक्टरांनी ते व्हील चटका बसल्यासारखं खाली ठेवलं.

“वळताना काहीही व्हायला नको. मापातलं द्या.”

तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी बायकोला दुकानातच बोलावून घेतलं. ती आली, किंचित लंगडत गाडीभोवती फिरली. डॉक्टर मागोमाग बोलत राहिले. रंग बघ, चाकं बघ, मागचं तर सगळंच काढलंय.

“छान दिसतेय,” ती म्हणाली.

“ओळखू नाही ना येत?”

“न ओळखायला काय झालं? तीच तर आहे.”

तरी डॉक्टरांनी पुढे होऊन तिच्या बाजूचं दार उघडलं. ती त्या दारावरून तशीच पुढे गेली, बॉनेटला वळसा घालून चालकाच्या जागेवर बसली आणि सीट पुढे ओढून घेतली.

“किल्ली दे.”

डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. बाई एक लखलखीत व्हील पुन्हा पुसायला लागल्या होत्या.

त्यांनी किल्ली दिली. स्वतः तिच्या जागेवर बसले. पट्टा खोबणीत बसायला तीन खेपा लागल्या. समोरची काच एकदम फार जवळ आल्यासारखी वाटली, आणि हात आपोआप दाराच्या मुठीवर गेला.

“हळू,” त्यांच्या तोंडून निसटलं.

“अजून सुरूसुद्धा केली नाही रे,” ती आरसा नीट करत म्हणाली.