एक इंच वजा

मी सुताराची घडीची पट्टी बोलतेय. आधीच सांगून ठेवते, माझ्यावरून माप घेणार असाल तर एक इंच वजा धरा. नंतर माझ्या नावानं बोटं मोडू नका.

जन्मले तेव्हा मी चांगली दोन फुटांची होते. पिवळसर गुळगुळीत लाकूड, चार घड्या, तीन पितळी बिजागऱ्या. अंगावर काळ्या शाईत चोवीस इंच आणि प्रत्येक इंचाचे आठ भाग. त्या एकेका भागाला कामावरची माणसं सूत म्हणतात. दोन सूत म्हणजे पाव इंच, चार म्हणजे अर्धा, सहा म्हणजे पाऊण. एवढं ज्याला तोंडपाठ, तो माझा माणूस.

मिस्त्रींनी मला दुकानातून उचललं तेव्हा त्यांना मिसरूडही फुटलं नव्हतं. शाळा चौथीत सुटलेली, पण माप असं घ्यायचे की लाकडानं मान डोलवावी. 'सव्वादोन', 'पावणेसात', 'दीड आणि एक सूत' असं पुटपुटत ते पेन्सिल ओढायचे आणि करवत त्या रेघेवरून निमूट चालायची. पुढे ते एका फर्निचरच्या कारखान्यात लागले. तिथे मापाचं टेबल असतं एकच. त्या टेबलावर जो उभा, त्याच्या खुणेवर बाकी सगळे कापतात. आधीच्या म्हाताऱ्या मिस्त्रींचा खांदा निखळला, तेव्हा मालकांनी 'थोडे दिवस' म्हणून आमच्या मिस्त्रींना टेबलावर उभं केलं. म्हाताऱ्यांचा खांदा दोन महिन्यांत बरा झाला. टेबल काही त्यांना परत मिळालं नाही. ही गोष्ट आमचे मिस्त्री कधी विसरले नाहीत, आणि म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी मी टेबलावरून खाली पडले. भर उजेडात, त्यांच्या अगदी पायाशी. आणि त्यांनी माझ्यावर पाय दिला. कट् झालं. पहिला इंच तुटून भुशात गेला. माझा असा संताप झाला म्हणून सांगू! तीस वर्षं तुमच्या खिशात काढली, आणि हे बक्षीस? पण मिस्त्री गुडघ्यांवर बसून तुटका तुकडा हातानं चाचपू लागले. तुकडा त्यांच्या नाकासमोर पडला होता. त्यांना तो दिसत नव्हता. माझा राग तिथल्या तिथे जिरला.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली ती सव्वा महिन्यानंतरची. मिस्त्री घरी येऊन बायकोला म्हणाले, एवढा सव्वा महिना कुणाला कळता कामा नये. मालकांना कळलं की टेबल गेलं, आणि गेलेलं टेबल परत येत नाही.

त्यांची बायको त्याच कारखान्यात पॉलिश करायची. सगळे तिला वहिनी म्हणत. हात पॉलिशनं कायमचे तपकिरी, बोलणं फटकळ, शाळा पाचवीपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून ती फळीचं दुसरं टोक धरायच्या निमित्तानं टेबलाशी येऊन उभी राहू लागली. मिस्त्री मला फळीवर ठेवायचे, ती माझ्यावरचा आकडा हळूच वाचायची, एक वजा करायची, आणि मिस्त्री तो मोठ्यानं बोलायचे. चार दिवस कुणाला पत्ता लागला नाही. माझा जीव मात्र सारखा टांगणीला.

पाचव्या दिवशी गडबड झाली. पूर्वी गिऱ्हाइकाचं माप तोंडी यायचं, नेमकं त्याच आठवड्यापासून ते कागदावर छापून यायला लागलं होतं. कागदावर खणाच्या फळीची रुंदी होती बारा इंच, आणि पुढे आडव्या रेघेवर तीन, रेघेखाली चार. मिस्त्रींना कागद दिसेना. त्यांनी कुजबुजत विचारलं, बारा आणि किती? वहिनीनं वरचा आकडा पाहिला आणि सांगितलं, तीन. मिस्त्रींनी तीन सूत धरले. तिनं 'पाऊण' म्हटलं असतं तर त्यांनी झोपेतही सहा सूत धरले असते. पण तिला ते पाऊण आहे हे कळायला नको का? सहा खण कापून झाले आणि सहाही कपाटात खडखडायला लागले.

मिस्त्रींनी चूक आपल्या अंगावर घेतली. हात हलला म्हणाले. मालकांनी एक खण आत-बाहेर सरकवून पाहिला. आवाज न चढवता ते म्हणाले, पुन्हा लाकूड वाया गेलं तर टेबलावर दुसरा माणूस येईल. माणूस शांतपणे बोलला की जास्त भीती वाटते, हे मी त्या दिवशी शिकले.

त्यांची मुलगी, जिला सगळे बारकी म्हणतात, सहावीत. संध्याकाळी ती घरी कोपऱ्यात गणिताची वही घेऊन बसली होती आणि त्यात नेमके अपूर्णांकच चालले होते. वहिनीनं ओट्यावरून तो तीन-चारचा आकडा लांबूनच ओळखला. पदराला हात पुसत ती बारकीशेजारी जाऊन बसली आणि म्हणाली, "मला शिकव हे. पहिल्यापासून. हसलीस तर बघ."

बारकी हसली नाही. मास्तरीण होण्याची संधी कोण सोडतं? खालचा आकडा म्हणजे छेद, तो आधी बघायचा. एकाचे किती भाग केले ते तो सांगतो. वरचा अंश, त्यातले किती घेतले ते तो सांगतो. वहिनी म्हणाली, मग तीन वर असले म्हणून तीन सूत होत नाहीत? बारकीनं मलाच मांडीवर ओढलं. सूत आठवा भाग, आणि हे चारातले तीन. चाराचे आठ करायला दोननं गुणायचं, खाली गुणलं तर वरही गुणायचं. तीन दुणे सहा. सहा छेद आठ.

"सहा सूत," वहिनी म्हणाली. मग तिनं माझ्यावरचे सहा सूत बोटानं मोजले. सहा खण तिच्या डोळ्यांसमोर खडखडत असणार.

त्यानंतर रोज कुकर होईपर्यंत शिकवणी. उलटही शिकली ती. आठातले चार आले की वर-खाली दोघांना चारनं भाग, उरतो एक छेद दोन. याला पुस्तकात अतिसंक्षिप्त रूप म्हणतात. वहिनी म्हणाली, लहान करायचं म्हणता आणि नाव एवढं लांबलचक! पहिल्यांदा ती फक्त वरचाच आकडा लहान करायची आणि खालचा तसाच ठेवायची, आणि बारकी कपाळाला हात लावायची. मग वहिनीनं आपल्यापुरती युक्ती केली. बारीक पेन्सिलीनं माझ्या अंगावर, रेघांच्या कडेला लिहून टाकलं. दोन सुतांपाशी एक छेद चार, सहापाशी तीन छेद चार, आणि जिथे माझा इंच तुटला होता त्या टोकाला 'वजा १'. म्हातारपणी गोंदवून घेतल्यासारखं वाटलं मला, पण बोलले नाही.

महिना असा सरला. मापं अचूक येत होती. ऑपरेशनला आठ दिवस उरले. आणि त्या सकाळी तीन बहिणी कारखान्यात आल्या.

तिघींनी मिळून एक फळी उचलून आणली होती. त्यांच्या आईच्या टेबलाची होती ती. आई गेली, टेबलाचे पाय किडले, एवढी एक फळी धड राहिली. तिचे उभे तीन सारखे भाग हवे होते, प्रत्येकीच्या घरात भिंतीवर लावायला. थोरली म्हणाली, "एक सूतही इकडचं तिकडं नको. आमचं एकमेकींशी आत्ताच जेमतेम बोलणं आहे." धाकटी दुसरीकडे बघू लागली. मालक स्वतः टेबलाशी येऊन उभे राहिले. असं लाकूड पुन्हा आणता येत नाही, हे त्यांनाही दिसत होतं.

वहिनीनं मला फळीवर आडवी ठेवली. सव्वाचौदा. एक वजा, सव्वातेरा. तेरा पूर्णांक एक छेद चार. तिचे ओठ हलत होते, मी अगदी जवळून ऐकत होते. तेरा चोक बावन्न आणि एक, त्रेपन्न छेद चार. तीन भाग करायचे तर छेद तिप्पट, त्रेपन्न छेद बारा. आता लहान करू. दोननं? त्रेपन्नला जात नाही. तीननं? तेही नाही. म्हणजे चार इंच आणि वर पाच छेद बारा. बाराचे आठ कसे करणार? तीन सुतांच्या पुढे आणि चारांच्या अलीकडे कुठेतरी. माझ्या अंगावर तिथे रेघच नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा मला माझ्या अंगाची लाज वाटली.

मालक घड्याळाकडे नाही, तिच्याकडे बघत होते.

तेवढ्यात मिस्त्री फळीवर वाकले, धूळ झटकल्यासारखं केलं आणि ओठांतल्या ओठांत म्हणाले, "आडवी नको. तिरकी धर. पंधरावर."

तिच्या लगेच ध्यानात आलं. फळीचे तीन भाग होत नसतील तर मला तिरकं करायचं. एक टोक या काठावर, दुसऱ्या काठावर तीननं भाग जाणारा आकडा आणायचा. पंधराचे तीन भाग, पाच-पाच. फळी तीच, पण आता भाग पूर्ण आकड्यांत. तिनं माझं तुटकं टोक अलीकडच्या काठाला लावलं आणि मला फिरवत फिरवत पलीकडच्या काठावर आणलं. पंधरा. पेन्सिल पाचावर टेकली.

अगं बाई, माझा इंच! माझी सुरुवात शून्यापासून नाही, एकापासून आहे! पहिला भाग चारच इंचांचा होईल, बाकीचे दोन पाच-पाचांचे. तीन बहिणी, आणि एकीच्या वाट्याला आईची कमी फळी. पट्टीला तोंड नसतं. बिजागरी कुरकुरली तेवढीच.

पेन्सिल थांबली. अंगठा सरकत माझ्या टोकाशी आला, 'वजा १' वर. वहिनीनं मला आणखी थोडी फिरवून काठ सोळावर आणला. सहावर खूण, अकरावर खूण. फळीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. मग खुणा जोडून दोन सरळ रेघा.

"मिस्त्री," मालक म्हणाले, "कापण्याआधी तुम्ही स्वतः एकदा वाचा बघू. मोठ्यानं."

मिस्त्रींनी मला हातात घेतलं. डोळ्यांपासून लांब धरलं, जवळ आणलं. पॉलिशवाले, करवतवाले, सगळे हातातलं काम सोडून बघू लागले. शेवटी त्यांनी मान खाली घातली.

वहिनीनं मला त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"मालक, यांना दिसत नाही. महिना झाला, मीच वाचतेय. त्या सहा खणांची चूक माझी होती, यांची नाही. या पट्टीचा एक इंच गेलाय, ते आम्हाला माहीत आहे, म्हणून तिच्यावरून माप चुकत नाही. यांचं काय गेलंय तेही मला माहीत आहे. तेवढं मी धरून चालते."

थोरलीनं पुढे होऊन तिन्ही भागांच्या रुंदीवर अंगठा आणि बोटातलं तेच अंतर टेकवून पाहिलं, एकदा, दोनदा, तीनदा. मग बहिणींकडे न बघताच म्हणाली, "कापा."

मालकांनी अडवलं नाही. मिस्त्रींनी करवत घेतली. रेघेच्या सुरुवातीला वहिनीनं त्यांचा अंगठा टेकवून दिला, पुढचं हाताला ठाऊक होतं. तीन फळ्या एकावर एक ठेवल्या. धाकटीनं कडेवरून तळवा फिरवला, मग मधलीनं फिरवला. कुठे काही लागलं नाही. मधली रडायला लागली आणि धाकटीनं तिला जवळ घेतलं.

बहिणी गेल्यावर मालकांनी तारीख विचारली. आठ दिवस, वहिनी म्हणाली. मालक म्हणाले, महिनाभर माझ्याशी खोटं वागलात, ते मी विसरणार नाही. आणि जाता जाता म्हणाले, आठ दिवस पट्टी वहिनींनीच वाचायची, पण मोठ्यानं.

ऑपरेशन नीट झालं. मिस्त्री टेबलावर परत आले, आणि वहिनी पॉलिशकडे परत गेली नाही. आता दोघं समोरासमोर उभे असतात आणि मापावरून भांडतात. बारकीला चाचणीत विचारलं होतं, एक छेद तीनचं अष्टमांशात रूपांतर करा. तिनं लिहिलं, पूर्ण सुतांत होत नाही, पट्टी तिरकी धरावी लागते. बाईंनी लाल शाईत मोठं प्रश्नचिन्ह केलं आणि मग गुणही दिले.

मला आता कामाला नेत नाहीत. नवीन पोलादी टेप आलाय, ऐटबाज. मी घरी बारकीच्या दप्तरात असते. पण सांगायचं राहिलं ते असं. डोळ्यांची पट्टी सुटल्यावर घरी येऊन मिस्त्रींनी पहिल्यांदा हातात घेतलं ते मला. खिडकीशी नेऊन त्यांनी माझ्या अंगावरची पेन्सिलीची बारीक अक्षरं एकेक करून पाहिली. मी म्हटलं, आता थुंकी लावून पुसणार. ते बायकोला म्हणाले, "अगं, हे तीन वर आणि चार खाली, हे काय लिहिलंयस?"

"पाऊण," ती म्हणाली.

"हे पाऊण होय?" ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी पाऊण कापलं होतं, लिहिलेलं पाऊण त्या दिवशी प्रथमच पाहिलं. मग त्यांचं बोट सरकत माझ्या तुटक्या टोकाशी आलं, त्या 'वजा १' पाशी, आणि तिथेच बराच वेळ राहिलं. त्यांनी काहीच पुसलं नाही.

तेव्हा बाबांनो, तुमच्याही घरात एखादी माझ्यासारखी असेल तर तिला टाकून देऊ नका. तिचं किती तुटलंय ते एकदा नीट मोजा, तिच्याच अंगावर लिहून ठेवा, आणि मग खुशाल माप घ्या.