भाईंदरचा माल

"भैया, आराम से. घिसना मत," महिपत टेम्पोवाल्याला म्हणाला आणि स्टीलचा पहिला टोप सोसायटीच्या हॉलच्या पायरीवर उतरला.

लवू शिगवण दाराशी चपला सरळ करत उभा होता. पुढे होऊन त्याने टोपाला हात लावायला हवा होता, पण तो चपलाच सरळ करत राहिला.

वाडीच्या मुंबई मंडळाची सभा आज पहिल्यांदा भाईंदरला, नवघरला भरत होती. त्यासाठी लवूने अकरा वर्षं तोंड वाजवलं होतं. दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, "भाईंदर? एवढ्या लांब कोण येणार?" शिमग्याला संगमेश्वर गाठताना याच माणसांना काही लांब वाटत नसे. यंदा परळचा हॉल कुणाच्या तरी लग्नाला गेला आणि नवघरचं नशीब उघडलं. लवूने कालपासून दोनदा हॉल धुतला होता. त्याची बायको आशा पहाटेपासून शिऱ्याच्या मागे होती. आज एक दिवस तरी मंडळी भाईंदरचं नाव काढतील, एवढीच लवूची इच्छा होती. आणि नेमका आजच महिपत वाडीसाठी घेतलेली भांडी मिरवायला घेऊन आला होता.

महिपत त्याचा सख्खा चुलतभाऊ. दोघं एकाच एसटीने मुंबईला आले. महिपतला परळला मामा होता, तो तिथे उतरला. लवूला मामा नव्हता, म्हणून तो भाईंदरच्या स्टीलच्या गाळ्यात पॉलिशला लागला, तो एकतीस वर्षं तिथेच. मामाच्या चाळीचा टॉवर झाला आणि महिपत बाविसाव्या मजल्यावर गेला. लवूला त्या बाविसाव्या मजल्याचा हेवा होता, पांढऱ्या शर्टाचा होता, अध्यक्षपदाचा होता. फार काय, महिपतच्या खोकल्याचाही होता. महिपत खोकला की सभा गप्प होई. लवू खोकला की लोक म्हणत, "पॉलिशची धूळ, दुसरं काय." आशा कौतुकाने म्हणायची, "भावोजी कसं मोजकं बोलतात." मग लवूच्या पोटात दुखायला लागायचं, आणि त्या दुखण्याला ओवा चालत नाही.

बारा टोप भिंतीकडेला ओळीने लागले. प्रत्येकावर ठसठशीत नाव घातलेलं होतं : 'मातोश्रींच्या स्मरणार्थ, श्री. महिपत गोविंद शिगवण, मुंबई.'

महिपत खोकला. सभा गप्प झाली.

"वाडीत लग्न निघालं की आपण टोपांसाठी दुसऱ्या वाडीच्या दारात जातो. ते आता बंद," तो म्हणाला. "लवू म्हणत होता, भाईंदरला घेऊया. त्याच्या शब्दाचा मान आहे. पण भाईंदरचा माल म्हणजे कसा, दोन लग्नात पोचा. वाडीचं काम आहे, म्हटलं माल मुंबईचाच पाहिजे. दादरच्या दुकानातनं निवडून आणलाय."

टाळ्या पडल्या. अख्ख्या वाडीत एक ताट, एक डबा असा नसेल जो कधी या नवघरच्या, स्टीलच्या गाळ्यांच्या गल्ल्यांतून गेला नाही, हे लवू दरवेळी सांगायचा आणि दरवेळी लोक हसायचे. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

गावाहून मुद्दाम आलेली आनंदी काकी उठली आणि टोपावरून हात फिरवू लागली. "आरशावानी हाय रं म्हैपती. माजं त्वांड दिसतंय ह्याच्यात. मुंबईचा माल तो मुंबईचाच."

काकीला आधार द्यायला म्हणून लवू जवळ गेला. सवयीने त्याचा हात टोपाच्या काठाखाली गेला आणि तिथेच थांबला. काठाखाली बोटभर जागा जरा मंद होती. उजेडात तिरकं बघितलं तरच कळेल, इतकी. त्याने दुसरा टोप पाहिला. तिसरा पाहिला. तीच जागा, तोच मंदपणा.

सहा वर्षांपूर्वी मशीनने त्याच्या उजव्या अंगठ्याचा सांधा खाल्ला होता. तेव्हापासून अंगठा वाकत नव्हता आणि मोठा टोप बफच्या फिरत्या चाकावर दाबताना त्या एका जागी जोर कमी पडायचा. शेठच्याही नजरेला ते कधी आलं नव्हतं. हे टोप लवूच्या हातचे होते. महिन्यापूर्वी इथूनच, दोन गल्ल्या पलीकडून ते दादरला गेले होते आणि मुंबईकर होऊन परत आले होते.

लवूला भलताच आनंद झाला. एकतीस वर्षांत असा दिवस आला नव्हता.

"महिपत," तो म्हणाला, "हे टोप आमच्या गाळ्यातले आहेत. माझ्या हातचं पॉलिश आहे हे."

हॉलमध्ये खसखस पिकली. महिपत हसला नाही, मोजकंच बोलला. "असेल. पण कशावरून? दाखव ना."

सगळी सभा बघत होती. शिऱ्याचं पातेलं घेऊन दारात उभी असलेली आशाही बघत होती. लवूचा अंगठा त्या मंद जागेवर होता. बोट उचलून दाखवायचा अवकाश, महिपतचं तोंड कायमचं बंद झालं असतं. पण मग बाराच्या बारा टोप फिरवून बघितले गेले असते. काकी वाडीत घरोघर सांगत सुटली असती, भाईंदरचा माल, डागाचा निघाला. दोन लग्नं नाही, एकही लग्न लागायच्या आत. महिपत हरला असता आणि तरी त्याचंच बोलणं खरं ठरलं असतं.

लवूने हात काढून घेतला.

"तसं नाही सांगता येत," तो म्हणाला. "चकाकी बघून मला वाटलं."

"लवू, लवू," महिपतने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "अरे, चांगलं दिसलं की ते आपलंच वाटतं माणसाला. चला, शिरा घ्या सगळ्यांनी."

मंडळी हसत उठली, बशा हातोहात फिरल्या, महिपतभोवती घोळका जमला. लवू भिंतीशी एकटाच उभा राहिला. महिपतला बाविसावा मजला मिळाला याचं त्याला एवढं कधी लागलं नव्हतं, जेवढं आज स्वतःचंच काम महिपतच्या नावाने चकाकताना बघून लागलं.

आशा पातेलं ठेवून टोपांच्या ओळीजवळ आली. वाकून तिने एका टोपाच्या काठाखाली अंगठा फिरवला. लवूने पॉलिश करून आणलेल्या घरातल्या प्रत्येक पातेल्याचा तसला डाग ती सहा वर्षं घासत आली होती. तिने एकदा लवूकडे बघितलं. पदर खोचून तिने पहिला टोप धरला आणि डागाची बाजू भिंतीकडे केली. मग दुसरा. नाव घालणारा कारागीर चकचकीत बाजू बघूनच नाव घालतो. त्यामुळे एकेक डाग भिंतीकडे गेला, तसं महिपतचं एकेक नाव समोर येत गेलं.

शेवटचा टोप सगळ्यांत मोठा होता. तो तिच्या एकटीने हलेना. लवू पुढे झाला आणि त्याने दुसरी बाजू धरली.

"हळू," आशा म्हणाली. "चरा पडेल."