मास्तरांचा शेजार

मास्तरांनी अर्ध्या शहराला गाडी चालवायला शिकवली. घरच्या बाळूला मात्र नाही. बाळू सव्वीस वर्षांचा घोडा, पण उशिरा झालेला, म्हणून लाडावलेला. "शिकेन हो बाबा, गाडी काय पळून चाललीय?" म्हणायचा आणि कूस बदलायचा.

एका सकाळी मास्तरांकडे गाडी शिकणाऱ्या नर्सबाईंचा फोन आला. "लवकर या! सर भर चौकात गाडीतून उतरले आणि चालायलाच लागले. मला अजून गाडी नीट हलवता येत नाही हो!"

बाळू धावत पोचला. हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता. मास्तर एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते, एक चप्पल हातात.

"घराचा रस्ता कुठला रे?" त्यांनी विचारलं.

मागून एक टॅक्सीवाला ओरडला, "अरे, मास्तरांचा पोरगा ना तू? घे की बाजूला!"

"मला येत नाही," बाळू म्हणाला. शेवटी लोकांनीच गाडी ढकलत कडेला नेली. कुणी हसलं नाही, तेच त्याला जास्त लागलं.

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं: विसरण्याचा आजार आहे, वाढतच जाणार. त्या संध्याकाळी बाळूने किल्ली मागितली. मास्तरांनी मूठ आवळली.

"मग घर कोण चालवणार? तू?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही. बाळूने त्यांचं एकेक बोट सोडवलं. फारसा जोर लावावा लागला नाही, याचंच त्याला रडू आलं.

पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्या क्लासात तो गाडी शिकला, कुरियरच्या व्हॅनवर लागला. पहाटे उठायला जिवावर यायचं, पण उठायचा.

मग एकदा त्याने मास्तरांना त्यांच्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. ते सवयीने शेजारच्या सीटवर बसले, तिथल्या शिकवणाऱ्यासाठीच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून. वळणावर म्हणाले, "क्लच हळू सोडा. हां, अस्सं!"

बाळू खुलला. कितीतरी दिवसांनी बाबा त्यांच्या जुन्या आवाजात बोलले होते.

"हात छान बसलाय तुमचा," सिग्नलला थांबल्यावर मास्तर म्हणाले. "एकदा वडिलांना बसवून फिरवून आणा. बरं वाटेल हो त्यांना."

"आणतो," बाळू म्हणाला. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवू लागले, तरी त्याला गिअर सापडेना.