डावी नळी दिराची

नवऱ्याला, हॉबर्टला पुरून आलो त्याच दिवशी माझा धाकटा दीर डेन्झिल स्वयंपाकघरात आला आणि टेबलावर काडतुसांचा डबा आदळून म्हणाला, "वहिनी, आता एकटी राहणार तू. दुनळी बंदूक आहेच घरात. ही माझ्या हातची भरलेली आहेत. दुकानातली घेऊ नकोस, कचरा विकतात साले."

केंटकीतल्या आमच्या खोऱ्यात विधवेला काडतुसं घरचाच पुरुष भरून देतो. उडालेली टरफलं जपायची, त्यात पुन्हा दारू नि छर्रे भरायचे. दिलेलं काडतूस उडवून बघणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं. म्हणून मी बघितलं नाही. ही आमची अक्कल.

पुढच्या एका रविवारी कफ झाला म्हणून मी चर्चला गेले नाही. सगळे प्रार्थनेत असताना मागच्या दारावर लाथ बसली. तोंडावर लोकरी टोपी ओढलेला माणूस आत आला आणि सरळ माळ्याच्या शिडीकडे वळला. माळ्यावर जिनसेंगची वाळलेली मुळं होती, औषधवाले सोन्याच्या भावाने घेतात ती. हॉबर्टने शेवटच्या पानगळीत, कोळशाच्या धुळीने सडलेली फुप्फुसं घेऊन, पावलापावलाला खोकत उकरलेली.

पिशवी घेऊन तो उतरला तेव्हा मी दुनळी रोखून उभी होते.

"ठेव खाली."

तो माझ्याच दिशेने आला. मी दोन्ही घोडे ओढले. फुस्स! छर्रे नळीतून घरंगळले आणि जमिनीवर वाटाण्यासारखे टणटण उडत गेले. त्याचे खांदे हलायला लागले. हसत होता मेला. माझ्या अंगाला घासून निघून गेला. दारही लावलं नाही.

उरलेली काडतुसं मी भाजीच्या सुरीने टोकाशी उसवली. वर छर्रे, बुडाला ठिणगी पाडणारी टोपी, आणि मध्ये दारूच्या जागी लाकडाचा भुसा. एकात नाही, सगळ्यांत.

दिराचं नाव सांगितलं तर पोलीस म्हणाला, "बाई, हात चुकतो माणसाचा. आणि तोंड कुठे बघितलंत तुम्ही त्याचं?"

नाही बघितलं. ठीक आहे. ते तोंडच आता मला उघडायला लावायचं होतं.

बर्ल काकांच्या दुकानात गेले. म्हटलं, "काका, उडेलच असं काडतूस द्या."

"कशासाठी, पोरी? ससा की माणूस?"

"घरासाठी."

म्हातारा फळीकडे वळला. कंपनीचे तीन वेगवेगळे डबे काढले. "सील बघून घे. आणि माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. तुझ्या बंदुकीला काय मानवतं ते बंदूकच सांगेल. प्रत्येक डब्यातली थोडी उडव, मग ठरव."

नळ्यांत अडकलेले त्या फुसक्या काडतुसांचे बोळे झाडूच्या दांड्याने ढकलून काढले. कुंपणावर जुनी चादर टांगली आणि स्वयंपाकघरापासून मागच्या दारापर्यंत जेवढं अंतर, तेवढ्यावर उभी राहिले. पहिल्या डब्यातली काडतुसं नळीत अडकून बसत होती. दुसऱ्याने चादरभर भोकं पाडली. माणूस सुटला असता आणि खिडकी गेली असती. तिसरी अलगद बसली, प्रत्येक वेळी उडाली, आणि ताटाएवढ्या जागेत सगळे छर्रे. तीच घेतली.

अग्निशमन ठाण्याच्या मैदानावर बक्षिसाच्या हॅमसाठी, डुकराच्या खारवलेल्या मांडीसाठी, नेमबाजी असते. लबाडी नको म्हणून काडतुसं तिथलेच लोक वाटतात. मी माझी दुनळी भरायला लागले तसा ठाण्याचा प्रमुख ओरडला, "ओर्मा, घरची चालत नाहीत!"

"मला हॅम नकोय."

डेन्झिल नव्याकोऱ्या ट्रकला टेकून बियर पीत होता. मी त्याच्या हातचं काडतूस सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. हिरवं टरफल, त्यावर त्याचा लाल मेणाचा ठिपका. टोकाची उसवलेली घडी मीच परत बंद केली होती, आत भुसाच होता. ते डाव्या नळीत घातलं. उजव्या नळीत काय आहे ते कुणाला दाखवलं नाही.

"भावजी, तुमच्याच हातचं हं," म्हणत मी नळी त्याच्या पोटावर रोखली.

सगळं मैदान आडवं झालं. बाया किंचाळल्या, प्रमुख टेबलाखाली घुसला. डेन्झिल मात्र जागचा हलला नाही. बियरचा घोट घेतला आणि मोठ्याने हसला.

"उठा रे भेकडांनो! कशाला मरताय? त्यात दारूच नाहीये!"

मी डावा घोडा ओढला. फुस्स. छर्रे गवतात सांडले.

कोणी उठलं नाही. गवतातूनच बर्ल काकांचा आवाज आला, "तुला रे कसं ठाऊक, डेन्झिल?"

त्याचं तोंड उघडंच राहिलं. हेच मला बघायचं होतं.

"उजव्यातलं बर्ल काकांकडचं आहे," मी म्हटलं. "मी स्वतः निवडलंय. भावाची मुळं कुठे आहेत, डेन्झिल?"

"विकली... वहिनी, आई शप्पथ, ट्रकच्या पहिल्या हप्त्यात गेली."

"मग ट्रकपासून बाजूला हो."

तो रांगत गेला. त्याची पँट ओली झाली होती, ते सगळ्यांनी बघितलं. मग मी उजवा घोडा ओढला. बॉनेटला ताटाएवढं भोक पडलं आणि आतलं पाणी भसाभस गवतात वाहायला लागलं.

पोलीस आला. डेन्झिल रडत रडत माझ्याकडे बोट दाखवत होता. पोलिसाने एकेकाला विचारलं.

प्रमुख गुडघे झाडत म्हणाला, "साहेब, आम्ही सगळे खाली तोंड करून पडलो होतो. तोंड कुठे बघितलं आम्ही कुणाचं?"