काळी, निळी आणि आमचे हे

सिग्नल हिरवा झाला, आमच्या ह्यांनी क्लच सोडला, मूठ पिळली आणि गाडी जागची हलली नाही.

मागून एक हॉर्न वाजला, मग दुसरा. एका टेम्पोवाल्याने तर हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. आमचे हे मात्र समाधीत. पुन्हा क्लच दाबला, पुन्हा सोडला, पुन्हा मूठ पिळली. मी मागे बसून ओरडतेय, "अहो, बंद पडलीय! गाडी बंद पडलीय!" पण ओरडून उपयोग काय? डावा कान केव्हाच गेलेला, उजवा अर्धा, आणि त्या अर्ध्यातलं यंत्र हेल्मेटखाली कुईं कुईं करतं म्हणून काढून शर्टाच्या खिशात ठेवलेलं. शेवटी मी खांद्यावर दोन थापा हाणल्या. तेव्हा कुठे त्यांनी खाली बघितलं आणि बटण दाबून गाडी सुरू केली. तोवर सिग्नल पुन्हा लाल. टेम्पोवाला शेजारी येऊन वाकला आणि म्हणाला, "आजोबा, घरी बसा की आता!"

हे त्यांना ऐकू आलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले.

शोरूमला परत आलो. तिथल्या बाई हसत पुढे आल्या. "कशी वाटली, काका?" ह्यांनी हेल्मेट काढल्यावर मी ह्यांच्या कानाशी तोंड नेऊन प्रश्न पोचवला. तेवढ्यासाठीच मला सोबत नेलेलं असतं, दुभाषी म्हणून. मागच्या सीटवरही त्या बाईंनी आग्रह केला म्हणून बसले होते, नाहीतर मला गाडीवर अर्धा तास बसलं की कंबरेत कळ येते. ह्यांनी यंत्र कानात घातलं आणि म्हणाले, "चांगली आहे. उद्या काळी बघू."

तर सवती दोन होत्या, एक काळी आणि एक निळी. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर माझ्या नशिबी ह्या आल्या. दोन्ही मध्यम आकाराच्या. फार मोठी नको, आडवी झाली तर उचलायला चार माणसं लागतात. फार छोटी नको, लांबच्या रस्त्यावर दोन दिवसांत जीव काढते. इथपर्यंत ह्यांचा विचार पक्का होता. गाडं अडलं होतं ते ह्या दोघींपाशी. काळीला एकच सिलेंडर, ती चालते तेव्हा अंगभर धडधडते. निळीला दोन, ती इतकी मऊ चालते की सीटवर ठेवलेला चहाचा कप हलू नये. आठ महिने ह्यांची वही भरत होती. डाव्या पानावर काळी, उजव्या पानावर निळी. वजन, सीटची उंची, टाकीत पेट्रोल किती मावतं, सामान कुठे बांधायचं, पंक्चर काढताना चाक किती वेळात निघतं. माझ्या स्थळाची चौकशी ह्यांच्या घरच्यांनी दोन दिवसांत उरकली होती.

जायचं कुठे, तर नदी सुरू होते तिथे.

हे पाणीपुरवठ्यात पंप ऑपरेटर होते, चौतीस वर्षं. नदीचं पाणी खेचायचं आणि टेकडीवरच्या टाकीत चढवायचं. गावाने अंघोळ केली, भांडी घासली, तान्ह्या पोरांची दुपटी धुतली, ती ह्यांनी ढकललेल्या पाण्यात. पण ते पाणी येतं कुठून, हे ह्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रजा मागितली की बदली माणूस नसायचा. निवृत्तीच्या दिवशी घरी आले, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "अकराशे किलोमीटर आहे. काठाकाठाने रस्ता जातो. मी बघून येणार."

"मी नाही येणार," मी लगेच सांगून टाकलं. खरं बोलायचं तर त्या नदीचं मला काही पडलेलं नव्हतं. माझं शिवणकाम आहे, गिऱ्हाइकं आहेत, कंबर आहे.

"तू नकोच," ते म्हणाले. "मी एकटा जाईन."

कान पंपांनीच खाल्ले. त्या पंपघरात शेजारच्या माणसाने बोंब मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून तिथे सगळे थापांनी बोलायचे. खांद्यावर एक थाप म्हणजे सुरू कर, दोन म्हणजे बंद, आणि पाठीवर नुसता तळवा ठेवला तर सगळं ठीक आहे, चालू दे. कान गेले तसं ते घरीही आलं. आमच्या घरात टीव्ही थापेवर बंद होतो. आणि पंपांचं म्हणाल तर ह्यांनी दाब दाखवणाऱ्या काट्यावर कधी भरवसा ठेवला नाही. पंपाच्या अंगावर हात ठेवायचे आणि सांगायचे, ह्याचं बेअरिंग आठ दिवसांत जाणार. साहेब काटे बघून हसायचे, आणि आठव्या दिवशी बेअरिंग जायचं. शेवटच्या दिवशी सगळे फोटोसाठी खोळंबले होते आणि हे तीन नंबरच्या पंपावर हात ठेवून उभे. मोठ्या साहेबांनी दोनदा बोलावलं. शेवटी मी जाऊन खांद्यावर दोन थापा मारल्या तेव्हा हलले.

आमच्या वरच्या मजल्यावर ह्यांचा जुना जोडीदार राहतो, फिटर. त्याचं मत एका वाक्याचं होतं. "वहिनी, ह्याला डोळे मिटून काळी घेऊ दे, ती चालते ते ह्याला कळेल तरी."

दुसऱ्या दिवशी हे काळी घेऊन गेले. मी शोरूमच्या बाकावर. वीस मिनिटं म्हणून गेलेला माणूस सव्वा तासाने आला, पण चेहरा असा की मी बघतच राहिले. लग्नातल्या फोटोतही इतकं हसलेले नाहीत.

"अगं, कळतं!" हे भर शोरूममध्ये ओरडले. हेल्मेट डोक्यावरच होतं. "सगळं कळतं! चढावर कुठे दमते, कुठे गिअर मागते, सगळं हातात येतं!"

मग हेल्मेटचा पट्टा सोडायला हात हनुवटीखाली नेला आणि तो हात तिथेच चाचपडत राहिला. बोटं पट्ट्यावरून घसरत होती. मी उठून जवळ गेले. चार बोटं पेरापर्यंत पांढरीफटक, खडूसारखी. मी पट्टा सोडला.

"गार वारा होता," ते म्हणाले.

वारा कसला! घामाने माझा पदर ओला होता. त्या बोटांचं मला माहीत होतं. मी शिवणारी बाई आहे, बटणं हे माझंच खातं. दोन वर्षांपूर्वी सकाळी ह्यांना शर्टाची बटणं लागेनाशी झाली, तेव्हा मी काही न बोलता सगळ्या शर्टांना मोठी बटणं आणि मोठी काजं करून टाकली. मग डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं, इतकी वर्षं थरथरती यंत्रं धरून बोटांतलं रक्त आटतंय, आता थरथरणारं काही हातात धरायचं नाही, नाहीतर उरलेली जाणीवही जाईल. मी ते कानाशी जाऊन शब्दन्‌शब्द सांगितलं होतं. पण ह्यांचं बहिरेपण सोयीचं. बाजूच्या खोलीत लाडूचा डबा उघडला तर ऐकू येतं, आणि डॉक्टरांचं वाक्य येत नाही.

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. बहिऱ्या नवऱ्याशी भांडायचं म्हणजे सगळ्या गल्लीशी भांडायचं, पण त्या दिवशी मला कशाची पर्वा नव्हती.

"काळी नाही घ्यायची! अकराशे किलोमीटर जायचं आणि अकराशे यायचं, बोटं राहतील का?"

"राहतील तेवढी राहतील."

"आणि गेली म्हणजे? कान गेले, आता तळवा पण घालवा! मग काय कोपराने ओळखणार का जग?"

वरून फिटरचा आवाज आला, "वहिनी बरोबर बोलतायत! निळी घे रे!" काल काळी म्हणणारा हाच.

"निळीवर मला कळत नाही ती जिवंत आहे का मेली," हे म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. त्यांचा आवाज खाली आला की मला भीती वाटते.

"शोरूमच्या बाई म्हणाल्या ना, समोर इंजिनाचा काटा असतो, तो बघायचा."

"रस्ता बघू का काटा बघू? काल त्या चौकात मशीन बंद पडलं आणि मला पत्ता नाही. चौतीस वर्षं ऑपरेटर होतो मी. एकदा सुद्धा माझं मशीन मला न कळता बंद पडलं नाही." ते खुर्चीत बसले. "आणि तो टेम्पोवाला काय म्हणाला ते कळलं मला. पंपघरात जन्म गेला माझा. ओठ वाचता येतात मला."

मी त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

"काळीने हात जाणार, निळीने लाज जाणार," ते म्हणाले. "मग नकोच जायला." उठले, वही घेतली आणि कपाटावर फेकली. नुसती ठेवली असती तर मला इतकं लागलं नसतं.

पुढच्या चार दिवसांत घरातले सगळे नळ दुरुस्त झाले, न बिघडलेले सुद्धा. मग फिटरच्या घरचे झाले. गाडीचं नाव नाही, नदीचं नाव नाही. मला तर बरंच वाटायला हवं होतं. नवरा घरात, हातपाय शाबूत, आणखी काय पाहिजे बाईला? पण मशीनवर बसले की माझी शिवण वाकडी जात होती.

पाचव्या दिवशी सकाळी मी एका कुर्त्याला बाही लावत होते आणि हे खिडकीशी उभे राहून शर्टाची बटणं लावत होते. मदतीला गेलं की चिडतात, म्हणून मी मान खाली घालून बसले. पहिलं बटण लागलं. दुसरं निसटलं, पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं, पुन्हा धरलं. सहा बटणांना माझी अख्खी बाही लावून झाली. शिवी नाही, उसासा नाही. सहावं लागल्यावर मोरीत गेले, नळ सोडला आणि पाण्याखाली तळवा धरून उभे राहिले. स्वतःशी बोलताना ते मोठ्याने बोलतात, त्यांना कल्पना नसते.

"येतं कुठून कोण जाणे," ते म्हणाले.

मी दोरा तोडला, मशीनवर झाकण घातलं, स्टूल ओढून कपाटावरची वही काढली आणि मोरीत जाऊन त्यांच्या खांद्यावर एक थाप मारली. एक थाप, सुरू कर.

"चला."

"कुठे?"

"गाडी आणायला. निळी."

"अगं, पण—"

"मी मागे बसणार आहे. कान माझे आहेत ना दोन, चांगले ठणठणीत? बंद पडली तर दोन थापा, सुरू झाली तर एक. त्या चौकात तेच तर केलं मी. हॉर्न वाजला तर कोणत्या बाजूने ते सांगेन. हात तुमचे, कान माझे."

नळ तसाच वाहत होता. हा माणूस पाणी कधी वाया घालवत नाही.

"तुझी कंबर?"

"माझी कंबर मी बघेन. उशी शिवेन सीटला. शिवता येतं मला."

"तुला कुठे नदी बघायचीय?"

"नाहीच बघायची. तुम्ही बघा, मी तुमच्याकडे बघेन."

असं काही मी आयुष्यात बोलले नव्हते. माझी मलाच लाज वाटली आणि मी नळ बंद करून टाकला.

"आणि तू नसशील तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"मी नसेन तेव्हा जायचंच नाही कुठे. घरी बसायचं आणि नळ दुरुस्त करायचे."

हे हसले. चार दिवसांनी.

शोरूममधल्या बाईंना मी दारातूनच सांगितलं, निळी. त्या कागद आणायला आत गेल्या तेव्हा हे बाजूला उभ्या असलेल्या काळीकडे गेले. कोणीतरी आणखी एक गिऱ्हाईक तिला सुरू करून बघत होतं. ह्यांनी त्याची परवानगी विचारली आणि टाकीवर तळवा ठेवला. डोळे मिटले. ते गिऱ्हाईक गोंधळून माझ्याकडे बघायला लागलं. मी त्याला खुणेने सांगितलं, राहू दे जरा. ह्या वेळी मी थापा मारायला गेले नाही. त्यांचा त्यांनीच हात काढला, दोनदा मूठ उघडमीट केली आणि आले.

कागद झाले आणि घराकडे निघालो. हेल्मेट घालायच्या आधी यंत्र काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुझ्याकडे ठेव," म्हणाले. मी ते रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

तोच चौक आला आणि तोच सिग्नल, लाल. मागे गाड्यांची रांग लागली. मला इंजिनाचा बारीक, एकसारखा आवाज येत होता. ह्यांनी उजवा हात मुठीवरून काढला आणि टाकीवर ठेवला. तळवा सपाट, बोटं पसरलेली. थोडा वेळ तसाच ठेवला. मग उचलून दुसरीकडे ठेवला, आणखी पुढे, इंजिनाच्या जवळ. मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, काट्याकडेही पाहिलं नाही. हात उचलून मुठीवर ठेवला आणि पाठ किंचित मागे केली, इतकीच, की मला कळावं.

मी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला.

शर्टाखाली पाठ थरथरत होती. निळी थरथरत नाही, हे मी आधीच सांगितलंय.

सिग्नल हिरवा झाला. त्यांनी क्लच सोडला, आणि मी तळवा तसाच ठेवला.